खडखडाट

काझ वोझ्निआकच्या गाडीत कुठेतरी काहीतरी वाजत होतं, आणि त्यापायी त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

गाडी साधीसुधी नव्हती. सदुसष्ट सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ, त्या काळची दांडगी, सुसाट मोटार. काझ काचेच्या कारखान्यातून निवृत्त झाला, पाठोपाठ हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कशात तरी मन रमवायला सांगितलं. म्हणून त्याने टोलेडो शहराबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून हे धूड ओढून आणलं. तेव्हा तिच्या तळातून जमीन दिसत होती आणि मागच्या सीटवर उंदरांचा भरला संसार होता. मेहुणा स्टॅश म्हणाला, "ऑपरेशन छातीचं झालं ना रे? मग डोक्याला कुणी हात लावला?" एकट्या डॉटीने, म्हणजे काझच्या बायकोने, वेगळा सूर लावला. "घे बाबा. नाहीतर दिवसभर टीव्हीसमोर बसून माझं डोकं खाशील."

मग गाडीने दोन हिवाळे खाल्ले. डॉटीने दारं पॉलिशपेपरने घासली, सीटची कव्हरं घरच्या मशीनवर शिवली, गाडीखाली आडव्या पडलेल्या नवऱ्याला मागेल तो पान्हा दिला आणि चुकीचा दिला म्हणून बोलणीही खाल्ली. शेवटी गडद निळ्या रंगात गाडी अशी काही सजली की शेजारीपाजारी कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. इंजिन सुरू झालं की समोरच्यांचा कुत्रा पलंगाखाली जाई. काझ मात्र तिला ताशी तीस मैलांच्या वर कधी नेत नसे आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगमागे बसूही देत नसे.

आणि आता हा खडखडाट. दुसऱ्या दिवशी चर्चच्या जत्रेत गाडी मांडायची होती.

"स्टॅशला ऐकू येणार, डॉटी. आणि मग मला तो मरेपर्यंत ऐकवणार," काझ म्हणाला. "असं करू. तू डिकीत झोप, मी चालवतो. आवाज कुठून येतो ते बघ."

"मी?" डॉटीने कमरेवर हात ठेवले. "मागे मी म्हटलं, कुठेतरी शिट्टी वाजतेय, तर तू म्हणालास, 'तुला कानच नाहीत.' कान तुला आहेत ना? मग तूच झोप."

बोलणं बिनतोड होतं. काझने काळजावर दगड ठेवून किल्ली तिच्या हातात दिली आणि सूचनांचा पाऊस पाडला. फक्त समोरच्या चौकाला वळसा. तीसच्या वर जायचं नाही. एकदा ठोकलं तर हळू, दोनदा ठोकलं तर थांब. डिकीचं झाकण त्याने दोरीने अर्धवट बांधून घेतलं, हातात टॉर्च घेतला आणि जुन्या घोंगडीवर अंग मुडपून पडला.

चौकात रस्ता खणलेला होता. पहिल्याच खड्ड्यात दोरी सुटली, झाकण उडालं आणि खट्कन बंद झालं. काझला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. डिकीची किल्ली वेगळी असते, ती डॉटीने बाहेरून लावली की झालं. मग त्याने खिसा चाचपला. डिकीची किल्ली त्याच्याच खिशात होती.

त्याने दोनदा ठोकलं. इंजिनाच्या गर्जनेत ते डॉटीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. सायलेन्सर त्यानेच निवडला होता, दुकानातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा.

इकडे डॉटीला पिवळ्या जाकिटातल्या कामगाराने हाताने उजवीकडे पिटाळलं. तिकडून दुसऱ्याने डावीकडे पिटाळलं. ते वळण थेट हायवेवर चढत होतं आणि मागे एक अजस्र ट्रक भोंगा वाजवत होता. डॉटीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने एकदा मान वर केली आणि ती सुटली.

आत काझ घोंगडीसकट मागे घसरला. "तीस!" तो ओरडला. "डॉटी, तीस!" मग त्याला सुचलं की अशा वेळी मागच्या दिव्याची काच आतून फोडून हात बाहेर काढायचा असतो. पण ती अस्सल काच मिळवायला त्याने आजूबाजूची सगळी राज्यं पालथी घातली होती. ती फोडण्यापेक्षा डिकीत मेलेलं बरं. ढगाळ हवेमुळे डॉटीने दिवे लावले होते, म्हणून त्याने डाव्या दिव्याचा बल्ब होल्डरमध्ये ढिला केला आणि आत-बाहेर करायला लागला.

थोड्याच वेळात सायरन ऐकू आला. गाडी कडेला थांबली, इंजिन बंद झालं.

"मॅडम, तुमच्या गाडीचा डावा दिवा सगळ्या रस्त्याला डोळे मारतोय," एक तरुण आवाज म्हणाला. "आणि वेग किती होता, कल्पना आहे?"

"नाही रे बाळा," डॉटी म्हणाली. तिचा आवाज काझला ओळखू येईना, इतका तो हसरा होता. "दोन हिवाळे ही गाडी मी घासतेय. हाताची सालं गेली. पण चालवली आज पहिल्यांदा. ती चढावर कशी ओढते, ठाऊक आहे? रागावू नको, पण मी इथे गाणं म्हणत होते."

डिकीत काझ ठोकायला उचललेली मूठ तशीच धरून राहिला. तिच्या हाताची सालं गेल्याचं त्याला आठवत होतं. स्टिअरिंगमागे बसतेस का, असं विचारल्याचं मात्र कितीही आठवून आठवेना.

मग त्याने ठोकलं.

पोलीस दोन पावलं मागे सरला. "डिकीत कोण आहे?"

"अगं बाई!" डॉटी म्हणाली. "माझा नवरा!"

"त्यांना आत कुणी घातलं?"

"तो आपणहून गेला. मी फक्त विसरले."

"मॅडम, हात दिसतील असे ठेवा आणि डिकी उघडा."

"किल्ली त्याच्याकडे आहे."

पोलिसाने आजवर बरंच काही ऐकलं असेल, पण हे नव्हतं. एवढ्यात मागच्या काचेखालच्या फळीत, स्पीकरसाठी ठेवलेल्या भोकातून, कापड बाजूला सारत एक काळपट हात वर आला. हातात किल्ली होती. पोलीस एवढ्या जोरात दचकला की टोपी सावरत राहिला.

झाकण उघडलं. काझ बाहेर आला, विस्कटलेला आणि पेट्रोलच्या वासाचा.

"सर, तुम्ही आत स्वखुशीने होता?"

"निम्मा रस्ता नाही," काझ म्हणाला. "नंतर होतो."

"खडखडाट सापडला का?" डॉटीने घाबरत विचारलं.

"नव्हताच. साठच्या वर गेलीस आणि गाडी नुसती गात होती. खडखडते ती तीसच्या आत." त्याने मान खाली घातली. "म्हणजे मी चालवतो तेव्हा."

पोलिसाने तोंडी समज दिली, मग बॉनेट उघडून दाखवायची विनंती केली, मग आपल्या आजोबांच्या गाडीची गोष्ट सांगितली. तो निघाल्यावर डॉटी निमूटपणे शेजारच्या सीटकडे वळली.

"तिकडे कुठे?" काझ म्हणाला आणि तिच्याआधी तिथे जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर त्याने सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. टाके एका ओळीत, बारीक, कुठे सुटलेले नाहीत. त्याने घसा साफ केला. "थँक यू, डॉटी."

"काय?" इंजिनावरून ती ओरडली.

"थँक यू!"

"टँक? पेट्रोल? बरं!"

तिने गाडी पंपावर घेतली आणि बंद केली. एकदम शांत झालं. "हं, बोल. काय म्हणत होतास?"

एवढ्या शांततेत ते बोलणं काझला जमेना. त्याने उतरून टाकी काठोकाठ भरली, तिच्या बाजूची काच रुमालाने पुसली, मग तीच पुन्हा पुसली, आणि परत येऊन बसला.

"घराचं वळण घेऊ नकोस," तो म्हणाला. "सरळ जा. तळ्यापर्यंत."

डॉटीने त्याच्या छातीकडे बोट केलं. "आणि तुझं हृदय?"

"ठीक आहे गं. तू चालव."

"मग पट्टा लाव," डॉटी म्हणाली आणि तिने इंजिन सुरू करून गिअर टाकला.