रोज येणारी सी

"वीस मिनिटांनंतर तपासणीच्या पट्टीकडे वळून बघायचं नाही," औषधाच्या दुकानातले बद्रीनाथ म्हणाले, आणि नम्रता हसली.

"का? भूत दिसतं?"

"दिसतं. रेघ होऊन येतं." बद्रीनाथांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पंधरा मिनिटांनी वाचायचं आणि वीसच्या आत कचऱ्यात टाकायचं. नंतर जी रेघ उगवते ती आजाराची नसते, पट्टी वाळल्याची असते. पण तसं सांगितलं की कोणी ऐकत नाही, म्हणून भुताचं नाव घेतो."

"काका, मी एमएस्सी आहे."

"म्हणूनच दोनदा सांगतोय."

जानेवारी होता आणि अख्खी नारायण पेठ शिंकत होती. साधी सर्दी, फ्लू, कोविड आणि लहान बाळांच्या छातीत उतरणारा तो आरएसव्ही, सगळ्यांची सुरुवात सारखीच. नाक वाहतं, घसा धरतो, खोकला येतो. मोठ्यांनी दोन दिवस कुरकुरायचं आणि विसरायचं. पण नम्रताची पूर्वा अवघी सात महिन्यांची होती. मोठ्यांची सर्दी तिच्यापर्यंत पोचली तर ती सर्दीच राहील असं नव्हतं. म्हणून नम्रतानं साधी सर्दी सोडून बाकीचे तिन्ही आजार एका पट्टीवर ओळखणारी किटं आणली आणि फ्रीजवर चळत लावून ठेवली.

सोमवारी दुपारी सव्वादोनला तिनं खोकला ऐकला.

ती स्वयंपाकघरात होती. पूर्वा आतल्या खोलीत झोपलेली. खोकला आतूनच आला. कोरडा, खोल, तीन ठोक्यांचा. एवढ्याशा छातीतून असा आवाज निघेल कसा, हा विचार यायच्या आत ती पाळण्यापाशी पोचली होती. पूर्वा शांत झोपली होती. ओठ मिटलेले, कपाळ गार.

नम्रतानं तिला उठवून नाकात काडी फिरवली. पूर्वानं रडून इमारत डोक्यावर घेतली. पंधरा मिनिटांनी पट्टीवर सीची एकच रेघ होती, म्हणजे पट्टी नीट चालली आणि आजार कुठलाच नाही. नम्रतानं पट्टी ओट्यावर ठेवली, चहा केला, भांडी घासली आणि जाता जाता वळून पाहिलं.

'आर'समोर, म्हणजे आरएसव्हीच्या जागी, फिकट, राखाडी, असून नसल्यासारखी रेघ उगवली होती.

"सुदर्शन!"

सुदर्शन, तिचा नवरा, बैठकीत लॅपटॉपसमोर होता. त्यानं मीटिंग म्यूट केली. "अगं, किती वेळानं बघितलंस?"

"चाळीस मिनिटांनी."

"मग त्या काकांनी सांगितलं होतं ना?"

"त्यांनी भुताचं सांगितलं होतं!"

पुन्हा काडी, पुन्हा रडणं, पुन्हा नुसती सी. मग सुदर्शनचं नाक, मग सासऱ्यांचं, मग स्वतःचं. सगळीकडे नुसती सी. ती वाचून झाली, आणि आतून पुन्हा तोच खोकला आला.

मंगळवारी सासऱ्यांनी, म्हणजे श्रीनिवासरावांनी, सूत्रं हाती घेतली. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. "आधी उपकरण तपासायचं, मग पेशंट," ते म्हणाले. त्यांनी किटमधल्या द्रवात नळाचं पाणी घालून पट्टीवर टाकलं. नुसती सी आली.

"खडकवासल्याच्या धरणाला काही झालेलं नाही," त्यांनी जाहीर केलं. मग जेवणातलं आमसुलाचं सार थेंबभर तसंच पट्टीवर टाकलं. दोन मिनिटांत 'ए'समोर ठसठशीत रेघ आली.

"बाबा, हे काय?"

"आमसुलाच्या साराला फ्लू ए झालाय. त्याला वेगळं ठेवू या." मग गंभीर होऊन म्हणाले, "आंबट टाकलं की पट्टी बिघडते गं. पट्टीला सांगितल्याप्रमाणे वागवलं तरच ती खरं बोलते. म्हणजे आपण चौघं ठीक आहोत."

"मग खोकतंय कोण?"

श्रीनिवासरावांनी सार पिऊन टाकलं.

बुधवारी दुपारी चौघंही बैठकीत होते. पूर्वा सतरंजीवर, सुदर्शन खुर्चीत, श्रीनिवासराव पेपरमागे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घड्याळात सव्वादोन झाले आणि खोकला आला. ठक, ठक, ठक.

तिघांनी एकमेकांच्या तोंडांकडे पाहिलं, मग पूर्वाच्या. कोणाचंच तोंड उघडं नव्हतं. पूर्वा मात्र आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून, ओळखीचं कोणी आल्यासारखी हसली.

सुदर्शन आत गेला, खोलीतून बाथरूममध्ये, आणि तिथून त्यानं हाक मारली, "बाबा, डक्टमधून येतोय!"

डक्ट म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या जिच्यात उघडतात ती अरुंद, अंधारी पोकळी. श्रीनिवासरावांनी खिडकीला तोंड लावून शाळेतल्या आवाजात विचारलं, "कोण आहे?"

खोकला मधेच थांबला. संपला नाही, कोणीतरी तोंडावर हात दाबून धरल्यासारखा थांबला. आणि डक्टमधून निलगिरीच्या तेलाचा वास हळूहळू वर आला.

"खालचं चारशे दोन असेल," सुदर्शन कुजबुजला.

"ते बंद आहे," नम्रता म्हणाली. चारशे दोनमध्ये मंदाकिनीकाकू एकट्या राहायच्या. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर व्यवस्थित, पूर्णविरामासकट लिहिलं होतं: नागपूरला मुलीकडे, पूर्णिमाकडे, जात आहे. पंधरा दिवस पेपर टाकू नये. "दहा दिवस झाले त्यांना जाऊन."

"मग बंद घरात खोकतंय कोण?"

"कोणीही खोको. ते माझ्या घरात यायला नको." नम्रतानं पॅकिंगची रुंद टेप आणली आणि बाथरूमची खिडकी चारही बाजूंनी बंद केली. मग आणखी एक थर दिला.

गुरुवारी ती मुद्दाम बाथरूममध्ये उभी राहिली. सव्वादोन झाले. टेपमागून खोकला आला, कालच्यापेक्षा खोल, आणि या वेळी थांबेचना. शेवटी दम लागल्यासारखा मोठा श्वास, आणि पाठोपाठ एक बारीक, थकलेला आवाज:

"एक्स्क्यूज मी."

रिकाम्या घरात, कोणी ऐकत नसताना, खोकल्याबद्दल इंग्रजीत माफी मागणारं भूत नम्रताच्या ऐकिवात नव्हतं. माणूस मात्र एक होतं. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं.

तिनं मंदाकिनीकाकूंना फोन लावला. एका कानात रिंग वाजू लागली. दुसऱ्या कानात, टेपमागून, अंधाराच्या तळाशी, एक फोन वाजू लागला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "हॅलो?" डक्टमधून आला.

"काकू, कशा आहात?" नम्रतानं विचारलं.

"मजेत गं. पूर्णिमा काही करू देत नाही. इकडे ऊन मात्र फार आहे हं."

"जानेवारीत?"

फोन गप्प झाला. डक्टही गप्प झाली. मग दोन्हींकडून एकदमच खोकला आला.

नम्रता सुदर्शनला बरोबर घेऊन जिना उतरली. चारशे दोनचं दार आतून लावलेलं होतं. बेल वाजवली. आत पावलं सरपटली आणि दाराच्या आड थांबली.

"मंदाकिनीकाकू, मी आहे."

"लांब उभी राहा! मागे हो! सी आलीय!"

"काय आलंय?"

"सी! निघायच्या दिवशी सकाळी सर्दी वाटली, म्हणून जावयानं पाठवलेल्या किटांच्या खोक्यातलं एक काढलं. आली की गं सी! तिकीट रद्द केलं. रोज तपासतेय, रोज येतेय. अकरा दिवस झाले, जायचं नाव घेत नाही."

सुदर्शननं तोंडावर हात ठेवला. नम्रतानं त्याला कोपरानं ढोसलं. "काकू, दार उघडा बघू. मी मास्क लावलाय."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. पडदे ओढलेले, आत निलगिरीचा वास कोंडलेला. टीपॉयवर अकरा पट्ट्या एका रांगेत मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली बॉलपेननं वळणदार अक्षरात तारीख. प्रत्येकीवर एकच रेघ, सीसमोर. श्राद्धाची पानं मांडावीत तशी ती रांग होती. तिच्या टोकाला शाल गुंडाळून मंदाकिनीकाकू उभ्या होत्या, निम्म्या झालेल्या.

"काकू, सी म्हणजे कोरोना नाही. सी म्हणजे कंट्रोल. ती आली की पट्टी नीट चालतेय एवढंच कळतं. कोविड असला तर खाली टीसमोर दुसरी रेघ येते."

मंदाकिनीकाकूंनी अकरा पट्ट्यांकडे पाहिलं. "टी फॉर?"

"टेस्ट."

"कोरोना सीनं सुरू होतो. कोविडही सीनंच. आणि यांनी सी दिला कंट्रोलला?"

"बरोबरचा कागद वाचला नाहीत का?"

"घेतला होता वाचायला. पहिल्याच परिच्छेदात स्पेलिंगच्या चार चुका. पुढे वाचवेना."

आता सुदर्शन जोरात हसला. काकूही हसायला लागल्या, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकल्यानं त्या खुर्चीत बसल्या. नम्रतानं त्यांचा हात धरला. हात भाजत होता.

"कोणाला सांगायचं तरी, काकू!"

"कसं सांगू? त्या दिवशी सकाळी जिन्यात तुझ्या पूर्वाचा पापा घेतला होता मी. मग सी आली. तू किती जपतेस तिला, मला काय दिसत नाही? म्हटलं, आपण कोंडून घ्यावं. खोकलासुद्धा दाबत होते दिवसभर. पण दुपारची गोळी घेतली की डोळा लागतो, आणि मग तो सुटतो."

वरच्या मजल्यावर, त्याच डक्टच्या खिडकीला, नम्रतानं लावलेल्या टेपचे दोन थर होते.

तिनं ऑक्सिमीटर मागवून काकूंच्या बोटाला लावला. आकडा एक्क्याण्णव, हवा तो पंचाण्णवच्या वर. अर्ध्या तासात ते तिघं डॉक्टरांसमोर होते. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, छातीचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला.

"न्यूमोनिया. अॅडमिट करू या. अजून तीन-चार दिवस घरात राहिल्या असत्या तर..."

"पण पट्टी रोज नाही म्हणत होती," सुदर्शन म्हणाला.

"पट्टी खोटं बोलली नाही. तिला रोज एकच विचारलं, कोविड आहे का. नाही, म्हणाली. बाकी काय झालंय ते तिला कोणी विचारलंच नाही. आणि यांनाही."

मंदाकिनीकाकू आठ दिवसांनी घरी आल्या आणि त्यांनी किटच्या कंपनीला चुकांची यादी पाठवली. पूर्वाला काहीही झालं नाही. नम्रतानं टेप काढली. ती निघताना रंगाचे पोपडेही निघाले आणि भिंतीवर खिडकीभोवती एक चौकट राहिली. सुदर्शन रंगवायचं म्हणतो. ती नको म्हणते.

हे वाचणाऱ्याला नम्रताचं एक सांगणं आहे. तुमच्या मजल्यावर एखादं दार असेल, ज्याच्याबद्दल सगळे सहज म्हणतात, "ते गावाला गेलेत." कोणी जाताना पाहिलेलं नसेल. पुस्तक खाली ठेवा आणि त्या दाराची बेल वाजवून या. भर दुपारी वाजवा. आतून कोणी झोपमोड झाली म्हणून तुमचा उद्धार केला, तर निर्धास्त परत या. अशी तोफ डागणारा माणूस ठणठणीत असतो.

कोणी ओरडलं नाही, तर मात्र पुन्हा वाजवा.