नागूबाईंनी पुन्हा ओळखलं

"मल्हारला मी दाखवते, मावशी. तोवर खुर्चीवर बसा," वकील मंजुषाताई म्हणाल्या.

"दाखवायचं काय त्यात? म्या एकदा बघितलेलं तोंड इसरत न्हाय," असं म्हणून नागूबाई शाल-नारळ घेऊन थेट स्टेजकडं निघाल्या.

धाराशिवच्या त्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम होता. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांच्या मदतीसाठी. त्यांतल्या मल्हारला आत पाठवलं होतं ते नागूबाईंनीच. सहा वर्षांपूर्वी जळकोटला त्यांच्या शेजारी घरफोडी झाली. पळणारा माणूस त्यांनी अंधुक पाहिला आणि कोर्टात बोट दाखवून ठणकावून सांगितलं, "ह्योच त्यो!" पाच वर्षांनी खरा चोर सापडला. तेव्हापासून नागूबाईंना देवापुढं बसणं जड झालं. रोज ज्या नावानं हात जोडायचे, त्याच नावाच्या माणसाला आपण गजाआड धाडलं! त्यांनी खंडोबाचे एकवीस रविवार धरले. आज एकविसावा. मल्हारनं माफ केलं तर ठीक, नाहीतर देवाला कुठल्या तोंडानं नैवेद्य दाखवायचा?

स्टेजवर एक माणूस खाली मान घालून बसला होता. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. नागूबाईंना वाटलं, हाच मल्हार. तुरुंगातलं अन्न दुसरं काय करणार!

तो होता तबलजी कुमार. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून चेहरा उतरला होता, एवढंच. नागूबाईंनी त्याच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाय धरले. माइक चालूच होता.

"लोकहो, ह्या लेकराला म्या आत घातलं! त्येच्यापायी एकवीस रविवार उपास धरले!"

"अहो मावशी, मी तर..."

"बोलू नगंस! पाच वर्सं कुणी तुझं ऐकलं न्हाय, मला ठावं हाय."

आताही कुणी ऐकलं नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. अणदूरचं भजनी मंडळ ओवाळायला उठलं. कुमारनं खुलासा करायला तोंड उघडलं, त्यात कुणीतरी पेढा कोंबला. भुकेला माणूस, त्यानं आधी तो गिळला. तेवढ्यात चौथ्या रांगेतून त्याची बायको मोनिका ताडकन उभी राहिली.

"अहो, दर महिन्याला सोलापूरला कार्यक्रम हाय म्हणून जायचात, ते कोर्टाच्या तारखेला व्हय?"

कुमारच्या तोंडात आता दुसरा पेढा होता.

मंजुषाताई धावत स्टेजवर आल्या. "मावशी, हे तबलजी आहेत! मल्हार तो तिथं बसलाय."

पहिल्या रांगेत एक गोल गरगरीत माणूस शेंगा फोडत बसला होता. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात काम मिळाल्यानं त्यानं चांगलं अंग धरलं होतं.

नागूबाई खाली उतरल्या. एकवीस रविवार घोकलेलं सगळं डोक्यातून उडालं. बोट उचलायचंही धाडस होईना.

"तू... तूच ना रे?"

"आधार कार्ड दाखवू का?"

नागूबाईंनी हात जोडले. "लेकरा, परत चुकले. आता माफी तरी कशी मागू?"

मल्हारनं शेंगांची पुडी बाजूला ठेवली. "मावशी, पाच वर्सं इचार केला, ह्या बाईचं आन माझं काय वैर? का कुणी पढवून आणली हिला? आज तेच इचारायला आलतो."

"इचार की."

"आता काय इचारू? उपास धरून, शाल आणून, रडत-रडत एवढ्या लोकांसमोर तुमी तबलजीला मल्हार केलं. मनात कपट असलेल्या माणसाला हे जमलं नसतं. जावा, माझ्याकडनं तुमी निर्दोष!"

नागूबाई मटकन शेजारच्या खुर्चीत बसल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "थांब, तुझी शाल घेऊन येते."

"राहू द्या. पाच वर्सं म्या दुसऱ्याचं भोगलं. घटकाभर तबलजीला माझं भोगू द्या."

स्टेजवर मोनिकाबाई पोचल्या होत्या. शाल पांघरलेल्या कुमारची उलटतपासणी सोलापूरपासून सुरू झाली होती आणि त्याला एकही तारीख नीट सांगता येत नव्हती. नागूबाईंना राहवेना. त्या पुन्हा ताठ झाल्या.

"घाबरू नगंस, लेकरा! तुला म्या चांगली वळखते. तुझ्या बाजूनं साक्ष म्या देते!"

कुमारनं तिथूनच दोन्ही हात जोडले. "मावशी, पाया पडतो. काही बी करा, साक्ष तेवढी देऊ नका!"