चित्र वाळेपर्यंत

सृष्टीला जुळ्या मुली झाल्या, ते २०२२ साल. बाळंतपणाच्या रजेत वेळ कसा घालवायचा, या काळजीनं तिनं आधीच रंगांची एक पेटी मागवून ठेवली होती. जुळ्या झाल्यावर तिला ट्यूबचं झाकण उघडायलाही फुरसत मिळेना. शेवटी ती पेटी गुडगावहून दिल्लीत मयूर विहारला, तिच्या आजोबांकडे, बळवंतरावांकडे आली.

"आजोबा, हे तेलरंग आहेत, पण पाण्यात मिसळतात. टर्पेंटाइन लागत नाही, म्हणजे आजी वासावरून भांडणार नाही," असं ती फोनवर म्हणाली. तेवढ्यात मागे दोघी एकदम रडायला लागल्या, म्हणून तिनं फोन ठेवला.

बळवंतरावांच्या डोक्यात त्यातलं 'पाण्यात मिसळतात' एवढंच राहिलं. पाण्यात मिसळतो तो पाण्याचा रंग, आणि पाण्याचा रंग तासाभरात वाळतो, अशी त्यांची शाळेपासूनची समजूत होती. त्या आधारावर त्यांनी रात्रीची चित्रं काढायला घेतली. मेट्रोचा पूल, मदर डेअरीचा बूथ, कॉलनीचं फाटक, सगळं अंधारात. काळा रंग सढळ हातानं, आणि दिवा दिसला की पिवळ्याचा गोळा.

नोव्हेंबरात मात्र एक खरं काम अंगावर आलं. त्यांचे मित्र विश्वासराव शेजारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, त्यात उन्हाळ्यात खुब्याचं हाड मोडलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांचा मुलगा अनुराग त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला होता. रविवारी दुपारचं विमान होतं.

"बळवंत, जायच्या आधी एकदा रात्रीचा कस्तुरबा गांधी मार्ग बघायचा होता रे," विश्वासराव म्हणाले. "ऑफिस सुटल्यावर आपण बसची वाट बघत उभे राहायचो, तसा. पण मला खाली उतरवून पुन्हा वर चढवणार कोण?"

बळवंतरावांनी दोन संध्याकाळी मेट्रोनं जाऊन फोटो काढून आणले. शनिवारी रात्री चित्र पूर्ण झालं. रस्ता, झाडं, ओळीनं दिवे आणि मधोमध डीटीसीची बस. आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र होतं. रविवारी सकाळी ते झाकायला पेपर आणावा म्हणून ते आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी अलकनंदाबाईंनी चित्र देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. घरातून चांगल्या कामाला निघालेली कुठलीही वस्तू त्या तशीच धाडत नसत. फ्रिज आला तेव्हा फ्रिजला, मुलाची, सुधन्वाची मोटरसायकल विकली तेव्हा तिलाही.

"अहो, हे चिकटलं की!"

"चिकटेल कसं? रात्रीच संपवलंय. पाण्याचे रंग आहेत. ओल्या फडक्यानं टिपून घे."

अलकनंदाबाईंनी टिपलं. कुंकवाबरोबर वीतभर आकाशही फडक्यावर आलं. खालचं पांढरं कॅनव्हास दिसायला लागलं.

"थांब, पुसू नकोस! ड्रायर कुठाय?"

केस वाळवायच्या ड्रायरनं रंग वाळला नाही, पण राहिलेलं कुंकू आणि हळद सगळ्या रस्त्यावर सारखी पसरली. पंख्याखाली धरलं, तर देव्हाऱ्यातल्या अक्षता येऊन झाडांवर बसल्या. साडेदहा वाजले. बारा वाजता अनुरागची टॅक्सी येणार होती.

"चलो, आहे तसं नेऊ," म्हणून बळवंतरावांनी चित्र पेपरात गुंडाळलं आणि दोघं ई-रिक्षात बसले. समोर लग्नाला निघालेले एक गृहस्थ, मलईच्या रंगाची शेरवानी घातलेले. पहिल्याच खड्ड्याला पेपर फाटला आणि त्यांच्या गुडघ्यावर कस्तुरबा गांधी मार्गाचे तीन दिवे उमटले.

"अंकल! ये क्या लगा दिया? बारात है मेरे साले की!"

"पानी से निकल जाता है, भैया," म्हणत अलकनंदाबाईंनी बाटली उघडली. डाग खरंच निघाला. पण त्यासाठी बाटलीभर पाणी लागलं. गृहस्थ उतरले तेव्हा गुडघा स्वच्छ होता, आणि बाकी शेरवानी कंबरेपासून खाली ओली होती. ते कसे चालत गेले, ते दोघांनी मुद्दाम पाहिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर बॅगा दारात लागलेल्या होत्या. बळवंतरावांनी पेपर सोडवला, तर त्याच्याबरोबर अर्धी बसही निघून आली. विश्वासरावांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे कुठलं?"

"कस्तुरबा गांधी मार्ग."

"अच्छा. मला वाटलं, होळी."

बळवंतरावांचा चेहरा पडला. "बिघडलं यार. वाळलंच नाही. तू नीट बघून जावंस, एवढंच मनात होतं."

"काका, काही हरकत नाही," अनुराग समजुतीनं म्हणाला. "बबल रॅपमध्ये घालून नेऊ."

"ओलं चित्र?" विश्वासराव एकदम ताठ बसले. "बळवंत, रंगांबरोबर काही पत्रक होतं का?"

जागच्या जागी दुरुस्ती करता यावी म्हणून अलकनंदाबाईंनी पेटी पिशवीत घातली होती. पत्रक तळाशी, घडी न मोडलेलं. ऑफिसातही टिपणी बळवंतराव लिहायचे, आणि सोबतची परिशिष्टं विश्वासराव वाचायचे. त्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं.

"पाणी फक्त मिसळायला. वाळतो तेलासारखाच. जाड थर असेल तर पूर्ण वाळायला सहा महिने ते एक वर्ष. तोवर हवेशीर जागी टांगावं, झाकू नये. आणि जागेवरून हलवू नये."

"हलवू नये, असं कुठं लिहिलंय?" अनुरागनं हात पुढे केला. विश्वासरावांनी पत्रकाची घडी घालून ते खिशात ठेवलं.

"मग चित्र राहू दे. काका नंतर पाठवतील."

"मित्रानं माझ्यासाठी काढलेलं चित्र ओलं सोडून जाऊ?"

अनुराग खुर्ची ओढून समोर बसला. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला पुण्याला यायचंच नाहीये का?"

"मी कुठं काय म्हणालो? मी पत्रक वाचतोय."

मग अनुरागनं टॅक्सीवाल्याला फोन करून आज नको, परवा या, आणि माणूस एकच असेल, असं सांगितलं. दिवसरात्र सोबत राहणाऱ्या माणसाची व्यवस्था त्यानं त्या दिवशीच लावली आणि स्वतःचं विमान दोन दिवस पुढं ढकललं. "पण वाळलं की यायचं. बिल्कुल पक्कं?"

"वाळलं की."

तो चहा टाकायला आत गेला, तसे विश्वासराव हळूच म्हणाले, "बळवंत, आकाश फार पातळ वाटतं रे. एक जाडसा थर दे."

त्यानंतर बळवंतराव दर मंगळवारी पेटी घेऊन जिने चढायचे. बस पुन्हा आली, तिच्यात माणसं बसली. कुठला दिवा कुठल्या झाडाजवळ होता, यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही, त्यामुळे प्रत्येक दिवा तीन-चार वेळा खरवडून हलवावा लागला. चित्र बोटभर जाड झालं आणि त्याच्यासाठी दुसरा खिळा ठोकावा लागला. अनुराग पुण्याहून फोन करायचा, "बाबा, वाळलं का?" विश्वासराव आकाशाला बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून जरा ओलं आहे."

विश्वासराव ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी, मयूर विहारमधल्या आपल्या घरीच वारले.