सांजरंगी डेलियाची बखर

श्री भूमाता प्रसन्न. जिचे पोटी घातिले ते जी आपले वेळेने परत देते, तीस नमन करोन, शके अठराशे बारा, विकृती नाम संवत्सरी, एका डोंगरमाथ्याचे राज्यात डेलियाचे फुलावरोन जो प्रसंग गुदरला तो ऐकिला तैसा लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. चहूकडे धुके, मध्ये गढी, गढीमागे बाग, एवढेच राज्य; सकाळी धुके वितळले म्हणजे राज्य दिसे, सांजेस चढले म्हणजे नाहीसे होई, आणि रयतेस त्याचे नवल वाटत नसे. राजे श्रीमंत मनाचे मऊ, पन्नाशीस आलेले, अर्धे जागे अर्धे स्वप्नात ऐसे वागत. त्यांची राणी मैनाबाईसाहेब. त्यांस एका फिरत्या पाद्र्याने डेलियाचे चिमूटभर बी नजर केले, आणि राणीसाहेबांनी सरजाबाई माळणीस संगती घेऊन, बांगड्या कोपरापर्यंत सारोन, स्वहस्ते पेरिले. डेलियाचे बियाची रीत ऐसी की, लेकरू आईसारखे होत नाही. चाळीस रोपे आली ती चाळीस रंगांची. त्यांत एक फूल ताटलीएवढे उमलले, आणि रंग कैसा म्हणाल, तर दिवस मावळला आहे पण डोंगराचे खांद्यावर उजेड मागे राहिला आहे, तैसा. राणीसाहेब पाहोन बोलिल्या, "हे एकट्याने पाहवत नाही हो. कुणाला तरी द्यायला हवे." श्रीमंत हासोन बोलिले, "अवघे तर दिलेत. एवढे एक आपले दोघांचे राहू द्या." राणीसाहेब उगी राहिल्या. आणि त्याच फाल्गुनात तापाचे निमित्त होऊन कैलासवासी जाहल्या, आणि ते उगी राहणे श्रीमंतांचे काळजात काट्यासारिखे राहिले.

आता बी पेरावे तर भलताच रंग येणार. तोच रंग हवा तर तोच कंद पाहिजे, आणि अवघ्या पृथ्वीवर त्या रंगाचे कंदांचा गड्डा एकच. म्हणोन श्रीमंत चैत्रात पाने वाळली की गड्डा उकरवीत, कोरड्या वाळूचे माठात निजवीत, पाऊसकाळ सरला की आश्विनात पुन्हा लावीत, आणि कोणास हात लावू देत नसत. ऐसी चार वर्षे गेली, आणि गड्ड्यात कंदावर कंद दाटले, आणि फूल आटू लागले. ताटलीची पुरी जाहली, पुरीचा पेढा जाहला, आणि गेल्या पौषात सुपारीएवढे उमलले. श्रीमंतांस वाटे की राणीसाहेब दूर दूर चालिल्या आहेत आणि पाठमोऱ्या लहान दिसतात. मग सरजाबाईने पदर सावरोन अर्ज केला, "सरकार, एका खाटंवर धा जणं निजल्यावर कुणाला झोप लागायची? फोडा आता गड्डा. न्हाईतर औंदाचं फूल शेवटचं म्हणा." श्रीमंत तीन दिवस जेवले नाहीत, आणि चवथे दिवशी फोडण्याचा हुकूम दिधला.

त्या राज्यात मान वजनाने ठरे, ही चाल पूर्वापार. ज्याचे पागोटे जड तो पुढे बसे, ज्याची फिर्याद लांब त्याचा निवाडा आधी होई, आणि कारभारी खंडोपंत हे स्वतः अवघ्या दरबारात वजनदार असल्याकारणे ही चाल मोडण्याचे कोणाचे मनात येत नसे. तेव्हां दसऱ्याचे दिवशी, आदले दिवशी पुजिलेली तलवार काढोन, खंडोपंतांनी गड्ड्यावर चालविली, आणि नऊ कंद निराळे जाहले, आणि ते तराजूस लाविले. एक कंद वांग्याएवढा भरला, त्यास शेला पांघरोन चौथऱ्याचे वाफ्यात लावण्याचा ठराव जाहला. बाकीचे आठ परक्याचे दारी फुलू नयेत म्हणोन न्हाणीघराचे चुलीत घालावे, ऐसे ठरले. सरजाबाईस राहवेना. ती बोलिली, "सरकार, वजनावर बटाटं घ्यावं. ह्याच्या मानंला डोळा हाय का बघा. तलवारीनं मान जुन्या देठालाच ऱ्हायली की हो. डोळा न्हाई तर कोंब कुठनं यील?" खंडोपंत बोलिले, "माळणीने दरबारास डोळे शिकवू नयेत." श्रीमंतांनी एकवार तिजकडे पाहिले, एकवार कंदाकडे पाहिले, आणि मोठे आहे ते वाचेल ऐसे समजोन मान डोलाविली. भ्यालेला माणूस मोठ्याचाच आसरा धरितो. मग सरजाबाईने आठ कंद ओटीत घेऊन न्हाणीघराची वाट धरिली. चुलीत किती पडले ते चुलीसच ठाऊक.

कार्तिक आला, वाफा उगाच. चौघडा वाजविला, वाफा उगाच. इतर डेलिया गुडघ्याएवढ्या होऊन काठ्यांस बांधिल्या, तरी चौथऱ्यावर मातीचा कण हालेना, आणि श्रीमंत रोज सांजेस वाफ्याजवळ चौरंग मांडोन बसत, पाठीशी खंडोपंत आणि सरजाबाई उभे असत. मार्गशीर्षात एके सांजेस धुके चढता चढता डोळा लागला आणि स्वप्न पडले. ते ऐसे की, आपण मातीखाली उतरलो आहो, आणि तेथे एक महाल आहे, भिंती पांढऱ्या, अन्न आहे, पाणी आहे, उबही आहे, आणि मध्ये कोणी गृहस्थ पाठ करोन बसला आहे. वरोन राणीसाहेबांच्या बांगड्यांचा नाद येतो, तो ऐकतो, उठतो, पण महालास दार नाही, खिडकीही नाही. श्रीमंतांनी त्याचे खांद्यास हात लाविला तो गृहस्थ वळला, आणि त्याचे तोंड श्रीमंतांचेच. तत्काळ जागे जाहले आणि दोहो हातांनी माती उकरू लागले. कंद निघाला. कुजला नव्हता, मेला नव्हता. चांगला टणक, दाढीसारिख्या पांढऱ्या मुळ्या सुटलेल्या, खाऊन पिऊन खुशाल. पण मानेचे जागी तलवारीची सपाट खूण, आणि वर येण्यास वाटच नाही. श्रीमंत मातीत बसले आणि रडो लागले. बोलिले, "खंडोपंत, हे आम्हीच आहो. पाच वर्षे ऐसेच जगतो आहो." खंडोपंतांनी कंदास पुन्हा शेला पांघरिला.

तो सरजाबाई पायांवर पडली. "सरकार, मान मारा माझी, पर आधी माझ्या दारात चला." श्रीमंत अनवाणी निघाले. तिचे खोपटामागे, धुणे धुण्याचे दगडाशेजारी, एक डेलिया कमरेएवढी उभी होती, मोडक्या रवीचे दांड्यास जुन्या लुगड्याचे चिंधीने बांधिलेली. बाजूच्या कळ्या खुडलेल्या, आणि शेंड्यास एकच कळी, लिंबाएवढी, आणि तिचे फटीतून तो रंग. सरजाबाई बोलिली, "करंगळीएवढा हुता, पर मानंवर मोहरीएवढा डोळा लाल हुता. चुलीत घालवंना. बाईसाहेबांच्या हातची माती हाय, सरकार." खंडोपंत गरजले, "चोरी! झाड मुळासकट उचला, गढीवर न्या!" तेव्हां जी जन्मात कोणास आडवी गेली नव्हती ती माळीण झाडापुढे उभी राहिली. "कळी धरल्याली हाय. आता हलवलं तर कळी गळंल. फूल बघायचं तर फुलाकडं यावं लागतं, पंत." श्रीमंत कळीपुढे खाली वाकले. मग बोलिले, "चौरंग येथेच आणा."

आणि अकरा दिवस त्या राज्याचा दरबार धुण्याचे दगडाशेजारी भरला. डोईवर ओली लुगडी वाळत, कोंबड्या पागोट्यांमधोन हिंडत, खंडोपंतांस बसावयास पालथे घमेले मिळे. पौषाचे आरंभी एके सकाळी धुके वितळले तो फूल उमललेले, ताटलीएवढे, पहिल्या वर्षीचे तैसेच. श्रीमंतांचे ओठ हालले आणि शब्द बाहेर आले, "हे एकट्याने पाहवत नाही. कुणाला तरी द्यायला हवे." बोलिल्यावर आपण काय बोलिलो ते कानी पडले, आणि श्रीमंत पोटभर रडले, आणि मग अवघी आळी बोलाविली, आणि शेजारचे राजाकडे, ज्याशी दोन पिढ्यांचे वाकडे, त्याकडेही स्वार धाडिला की पाहोन जावे.

चैत्रात, खर नाम संवत्सर लागल्यावर, गड्डा निघाला तो माठात निजविला, आणि आश्विनात डोळे फुगले तेव्हां श्रीमंतांनी स्वहस्ते फोडिला. तलवार नाही, सरजाबाईचा विळा. ती पाठीशी उभी राहोन दटावी, "सरकार, मान धरून कापा, मान!" आणि श्रीमंत नाकावर चाळिशी चढवोन म्हणत, "कापतो, बाई, कापतो." एक कंद गढीचे वाफ्यास ठेविला, बाकीचे घरोघर दिधले. कुंभारास दिधला, परटास दिधला, शेजारचे राजास दिधला, एक खंडोपंतांसही दिधला. पुढील वर्षी त्या घरांनी दुसऱ्या घरांस दिधले. पुढे शके अठराशे पंधरा, विजय नाम संवत्सरी, पाऊस ऐसा लागला की गढीचे माठात पाणी शिरोन वाळूचा चिखल जाहला आणि श्रीमंतांचा कंद कुजोन हाती पाणीच आले. दसऱ्याचे सांजेस श्रीमंत रिकाम्या वाफ्याजवळ बसले होते आणि धुके चढत होते. तो धुक्यातून एकेक माणूस येऊ लागला, प्रत्येकाचे हाती फडक्यात बांधिलेले काही. कुंभारीण आली, परीट आला, शेजारचे राजाचा स्वार आला, आणि सर्वांमागे खंडोपंत धापा टाकीत आले, आणि त्यांनी करंगळीएवढा कंद पुढे करोन सांगितले, "वजनास काही नाही, महाराज. पण डोळा पाहोन आणिला आहे." टोपली भरली. श्रीमंतांनी एकेक कंद उचलोन पाहिला. त्यांनी विचारिले, "सरजाबाई, यांतला राणीसाहेबांचा कोणता?" ती बोलिली, "समदं त्यांचंच की, सरकार. एकच झाड हाय हे."

हकीकत एवढीच. ते राज्य धुक्यात आता आहे की नाही, सांगता येत नाही. परंतु त्या डोंगराचे पायथ्याची गावे पौषात दारोदार सांजरंगी डेलिया फुलवितात, आणि दाराशी उभा राहोन पाहणारास घरधनीण कंद दिल्यावाचून जाऊ देत नाही. लेखनसीमा.