पावट्यासाठी लागणारा टॉर्क

ओहायोत कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावचे रहिवासी श्री. चारुदत्त आगटे यांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक यार्ड मातीची गरज भासली. गरज खरं म्हणजे त्यांच्या पत्नीची होती. परंतु घरातली कुठलीही गरज कुटुंबप्रमुखाच्या नावे नोंदवण्याची आपल्याकडे पद्धत असल्याने ती त्यांची धरण्यात आली. एक यार्ड म्हणजे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा ढीग. वजन साधारण एक टन.

माती पावट्यासाठी हवी होती. कांचनवहिनींची आई गेल्या वर्षी गेली. घर आवरताना फडताळात पावट्याच्या अकरा बिया सापडल्या. त्या ओहायोत कशा पोचल्या, हा मुद्दा या इतिवृत्ताच्या कक्षेबाहेर आहे. आईने परसात चाळीस वर्षं धरलेलं हे वाण, आणि दुसऱ्या कोणाकडे ते उरलेलं नाही. अकरांपैकी नऊ बिया दह्याच्या रिकाम्या डब्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीत रुजल्या. मेच्या मध्यावर शेवटचं गोठवणारं दंव पडून गेलं की त्यांना बाहेर लावायचं, आणि ऑक्टोबरच्या थंडीआधी शेंगा धरायच्या. या उन्हाळ्यात हुकलं, तर आईचा पावटा संपला.

डब्लिनच्या परसात मात्र बिल्डरने मागे ठेवलेला पिवळा चिखल होता. त्यात गवतसुद्धा नाइलाजाने उगवायचं.

"चारू, माती आणायची आहे," वहिनी म्हणाल्या.

"कशात?" चारुदत्तने विचारलं.

या एका शब्दापासून पुढचं सगळं सुरू झालं. त्यांच्याकडे धडधाकट सेडान होती. वीस-वीस पिशव्यांच्या दोन-तीन खेपांत काम झालं असतं. पण चारुदत्त विमा कंपनीत प्रिन्सिपल प्रोग्रॅम मॅनेजर आहे. बावीस वर्षांत त्याने एकही निर्णय एकट्याने घेतलेला नाही आणि एकही काम लहान ठेवलेलं नाही.

"टेम्पररी सोल्यूशन नको," तो म्हणाला. "रूट कॉज बघू. रूट कॉज हा आहे, की आपल्याकडे ट्रक नाही."

अशा रीतीने ट्रक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष चारुदत्त. तांत्रिक सल्लागार जगन्नाथकाका, वय अठ्ठ्याहत्तर, जे पन्नास वर्षांपूर्वी या देशात आले आणि तीस वर्षं ट्रॅक्टरचे अ‍ॅक्सल तपासून निवृत्त झाले. आकडेवारी नागपूरच्या परीक्षितकडे, कारण त्याला एक्सेल येतं, म्हणजे दुसरं काही येऊ नये इतकं येतं. मी शेजारी, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. दर शनिवारी अकरा वाजता चहा-चिवड्यासह बैठक. विषयपत्रिकेत सात विषय असत. सातवा विषय: "पावटा (वेळ उरल्यास)".

पहिल्या बैठकीत इंजिनाचा विषय आला. पेट्रोल की डिझेल?

"पेट्रोल पुरेल की," मी म्हणालो. मी तेव्हा नवा होतो.

"आज एक यार्ड," चारुदत्त म्हणाला. "उद्या दोन लागली तर? मला स्केलेबल हवंय."

"डिझेल घे," काका म्हणाले. "हजार पौंड-फुटांच्या वर टॉर्क. घर ओढून नेशील."

"कुठे?" मी विचारलं.

"ते नंतर ठरवता येईल," अध्यक्ष म्हणाले. डिझेल सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या बैठकीत परीक्षितने लॅपटॉप भिंतीवर दाखवला. "दादा, एक इश्यू आहे यार. डिझेल इंजिनाचं स्वतःचं वजनच इतकं आहे, की मागच्या हौद्यात ठेवायचं वजन कमी करावं लागतं."

"म्हणजे ताकद वाढली की माती कमी?"

"माती ठेवायची कपॅसिटी कमी. ओढायची वाढली."

"मला ओढायची नाहीये, ठेवायचीच आहे," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. त्या समितीच्या सदस्य नसल्याने हे विधान नोंदवण्यात आलं नाही.

उपाय सोपा होता. एक आकार मोठा ट्रक घ्यायचा. मोठ्या आकाराला चार दारांची केबिन आपोआप आली, केबिनला काचेचं छत आलं, छताला आणि गरम होणाऱ्या, गार होणाऱ्या, पाठ चोळणाऱ्या सीटांना मिळून आणखी वजन आलं, आणि मातीची जागा पुन्हा घटली. तेव्हा मागे दोनाऐवजी चार चाकं घेण्याचं ठरलं. सहा चाकांवर पुन्हा एक टन माती मावू लागली. सुरुवातीच्या पेट्रोलच्या ट्रकमध्येही तेवढीच मावत होती, पण त्यामागे अभ्यास नव्हता.

शोरूममध्ये वेन नावाचा सेल्समन होता. त्याने पहिल्याच वाक्यात मर्मावर बोट ठेवलं. "यात काय वाहणार?"

"माती," चारुदत्त म्हणाला.

वेनच्या चेहऱ्यावर आदर पसरला. पुढचे दोन तास तो आम्हाला उत्खनन व्यवसायातले समजत होता आणि आम्ही ते नाकारलं नाही. त्याने कंत्राटदारांचं पॅकेज सुचवलं. ते घेतलं तर बर्फ ढकलण्याचा फाळ बसवायची तयारी सक्तीची होती. फाळाच्या तयारीला दुसरा अल्टरनेटर, म्हणजे वीज करणारं यंत्र, सक्तीचा. दुसरा अल्टरनेटर असेल तर डॅशबोर्डवर सहा रिकामी बटणं मिळणार होती.

"ही कशाची?" मी विचारलं.

"तुम्हाला हवं ते जोडा," वेन म्हणाला.

चारुदत्त त्या सहा बटणांकडे बराच वेळ बघत राहिला. लग्नात मी त्याला बघितलंय, तेव्हाही तो असा दिसला नव्हता. मलाही ती बटणं फार आवडली, हे कबूल करतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग गियरचा प्रश्न आला.

मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर दोन प्रकारांत मिळतं, ३.७३ आणि ४.१०. आकडा मोठा असेल तर ट्रक जोरात ओढतो. लहान असेल तर हायवेवर इंजिन शांत चालतं. एवढंच आहे. हे कळायला चार मिनिटं लागतात. समितीला पाच शनिवार लागले.

"चार-दहा!" काका टेबलावर थाप मारून म्हणाले. "चढावर कळेल तुला."

"काका, कोलंबसच्या आसपास चढ कुठाय? सगळं पोळपाटासारखं सपाट."

"उद्या कोलोरॅडोला गेलात तर?"

"माती घेऊन?"

"कोलोरॅडोची माती चांगली नसते," काका म्हणाले. यावर परीक्षितने शीटमध्ये 'रॉकी पर्वत' असा नवा रकाना उघडला.

गोष्ट गावात पसरली. मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटला. तीन-त्र्याहत्तरवाल्यांनी वेगळा ग्रुप काढला आणि त्याच्या चित्रात शांत हायवे लावला. चार-दहावाल्या बायकांनी तीन-त्र्याहत्तरवाल्यांकडचं डोहाळजेवण डोकेदुखीचं कारण सांगून टाळलं. पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला राहणाऱ्या चारुदत्तच्या मेव्हण्याने, अमेयने, चाळीस स्लाइड्स पाठवल्या. हा अमेय टाऊनहाऊसमध्ये राहतो आणि त्याने आजवर ओढलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे विमानतळावरची बॅग. तिकडच्याच रेडमंडहून कोणीतरी ओल्या मातीचं वजन कोरड्या मातीहून जास्त असतं, याकडे लक्ष वेधलं. त्यासाठी एक शनिवार राखून ठेवावा लागला.

दरम्यान पंधरा मे येऊन गेला.

खिडकीतले वेल पडद्याच्या दोरीवर चढले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते फ्रिजवर पोचले. वहिनी रोज सकाळी त्यांची टोकं सोडवून पुन्हा काठीला बांधत. एक वेल पिवळा पडून गेला. आठ राहिले. मी चिवड्याची रिकामी बशी ठेवायला आत गेलो, तेव्हा त्या तो दह्याचा डबा धूत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, सातव्या विषयाला कधी वेळ उरतो हो?"

मला लाज वाटली. चांगलीच वाटली. मी बाहेर येऊन बसलो आणि ४.१०च्या बाजूने बोललो.

अखेर वीस जूनला मतदान झालं, गियर ठरला आणि जूनअखेर ट्रक आला. गल्लीतल्या कुत्र्यांनी भुंकणं थांबवलं. बावीस फूट लांब, आठ फूट रुंद, पांढराशुभ्र. पूजेला चारच लिंबं आणली होती. सहा चाकं असल्याने जगन्नाथकाकांच्या पत्नी, आमच्या काकू, घाईने आणखी दोन घेऊन आल्या. नारळ बंपरवर फोडायला चारुदत्तचा धीर होईना, तो शेजारच्या फुटपाथवर फोडला.

"आता जाऊ या का मातीला?" वहिनींनी विचारलं.

चारुदत्तने बायकोकडे, मग हौद्याकडे पाहिलं. हौद्याला काळंभोर चकचकीत अस्तर होतं. सीटांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, काढायचा विचारही नव्हता.

"यात?" तो म्हणाला. "माती?"

वहिनी आत गेल्या आणि दाराची कडी लावली. चारुदत्त चार दिवस ट्रकच्या सीटवर डबा खात होता. सीट पाठ चोळत होती.

पाचव्या दिवशी घरमालकांच्या संघटनेचं, म्हणजे एचओएचं पत्र आलं. ट्रक गॅरेजमध्ये मावत नव्हता, अडीच फूट बाहेर राहत होता. आणि नियम स्पष्ट होता: दहा हजार पौंडांवरचं कुठलंही वाहन घरासमोर उभं ठेवता येणार नाही. चौदा दिवसांत हलवा. विकत घेताना समितीने एकशे बारा निकष तपासले होते. त्यात ट्रक ठेवायचा कुठे, हा निकष नव्हता.

चारुदत्त खचला. तीन-त्र्याहत्तरवाले गल्लीतून हळू गाडी चालवत जाऊ लागले.

मग वहिनींनी एचओएची नियमावली मागवली. एकोणनव्वद पानं. त्यांनी ती एका दुपारी, शेंगदाणे सोलत वाचली. मग आम्हाला बोलावलं. समितीला स्वयंपाकघरात बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

"नियम अकरा, पोटकलम ड," त्या म्हणाल्या. "उंच केलेला वाफा घरासमोर ठेवता येतो. लांबी आठ फुटांपर्यंत. उंची चार फुटांपर्यंत. वाफा कशाचा करावा याला बंधन नाही. त्यात जिवंत झाडं मात्र पाहिजेत."

चारुदत्तने टेप आणला. हौदा आठ फूट. कड जमिनीपासून चार फुटांना अर्धा इंच कमी.

"पण इंजिन?" परीक्षित म्हणाला.

"वाफ्याला इंजिन असू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "फोन केलाय मी. माती उद्या येतेय."

माती आली ती एका गंजक्या, एका दिव्याच्या छोट्या पिकअपमधून. ट्रकच्या शेजारी ती त्याचं पिल्लू वाटत होती. चालवणारा म्हातारा उतरला, त्याने फावडं काढलं आणि दोन खेपांत एक टन माती आमच्या ट्रकमध्ये भरून दिली. अस्तरावर पहिलं फावडं पडलं तेव्हा चारुदत्तने डोळे मिटले होते.

"तुमच्या गाडीत गियर कुठला हो?" काकांनी न राहवून त्या म्हाताऱ्याला विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "काकाची होती. चालते."

काका दोन दिवस समितीकडे फिरकले नाहीत.

आठ वेल त्याच संध्याकाळी लावले. एचओएच्या गेलबाई पाहणीला आल्या, त्यांनी चहूबाजूंनी फिरून फोटो काढले आणि "अतिशय नीटनेटका वाफा" असा शेरा दिला. जमिनीपासून चार फूट असल्याने सशांचा त्रास नव्हता. हरणं यायची, पण दार उघडताना ट्रक जो आवाज करतो त्याला घाबरून पळायची. ऑगस्टमध्ये वेलांनी आरसे धरले, सप्टेंबरमध्ये काचेचं छत. सहा बटणांपैकी एकाला ठिबक सिंचन जोडलं. पाच अजून रिकामी आहेत.

आणि जांभळ्या फुलांनी ट्रक भरून गेला. त्या दिवशी वहिनी हौद्याच्या कडेला हात टेकून कितीतरी वेळ उभ्या होत्या. रडल्या असाव्यात. आम्ही तेव्हा बॉनेट उघडून बघत होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, दंव पडायच्या आत, त्यांनी शेंगा तोडल्या. बियाण्याच्या वेगळ्या काढल्या, उरलेल्या सोलल्या आणि सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. दोन्ही ग्रुप आले. अमेय विमानाने आला. ताटात ओल्या पावट्याची उसळ होती, वर ओलं खोबरं. चाळीस वर्षांचं वाण, एका बाईने विमानापासून एचओएपर्यंत सगळ्यांच्या हातून वाचवलेलं.

मी दोनदा वाढून घेतली. सगळ्यांनीच घेतली. आणि तोंडात घास असतानाच अमेयने चारुदत्तला विचारलं, "भावोजी, मायलेज किती देतो हो?" सगळ्यांनी ताटांवरून माना वर केल्या. प्रत्येकाला तेच विचारायचं होतं. मलाही.

"शून्य," चारुदत्त अभिमानाने म्हणाला. "पण स्टेबल शून्य."

वहिनी पातेलं उचलून आत गेल्या.

तेव्हापासून ही हकिकत मी पुष्कळांना सांगितली. सगळे पोट धरून हसतात, आमच्या समितीला वेड्यात काढतात, आणि डोळे पुसून झाले की एकच विचारतात. तुम्हीही हसलात. मतदानात गियर शेवटी कुठला ठरला हे मी सांगितलेलं नाही, आणि तुमच्या ते बरोबर लक्षात आलेलं आहे. उसळीत वहिनींनी गूळ घातला होता की नव्हता, हेही मी सांगितलेलं नाही. ते आलं होतं लक्षात?