उकूचे पालक

आपलं मूल कोणतं, हे ठरवायचं काम आईवर सोपवू नये. आई पक्षपाती असते. समुद्रकाठच्या आमच्या छोट्या एस्टोनियन गावाला हे वेळीच उमगलं आणि बालवाडीतल्या सगळ्या मुलांची माहिती क्लाउडवर गेली. (क्लाउड नेमका कुठे असतो, हे विचारणं आमच्याकडे असभ्य समजतात.) तेव्हापासून पालकाने दाराला कार्ड लावलं की पडद्यावर त्याच्या नावाशी जोडलेलं मूल दिसतं, आणि तेवढंच त्याच्या हाती मिळतं.

त्रीनू राउडसेप्पला जुळे मुलगे, उकू आणि ओट्ट. नोव्हेंबरातल्या त्या पहिल्याच संध्याकाळी तिने कार्ड लावलं, तर पडद्यावर एकटा ओट्ट. बालवाडीच्या माइवेबाईंनी त्याला टोपी घालून बाहेर आणलं.

"आणि उकू?"

"उकू तुमचा नाही."

"अहो बाई, काल तर होता!"

"कालचं सोडा. आज तो कुणाचाच नाही. मी तरी काय करू? नोकरी जाईल माझी."

काचेला नाक लावून उकू हे सगळं ऐकत होता. त्याने भोकाड पसरलं.

पालिकेचे संगणकप्रमुख इन्द्रेक पिहलाक धावत आले. त्यांनी निदान केलं, "एका आईला एकच मूल जोडता येतं. तुम्ही दोन आणलीत."

"आणलीत काय? झाली ती!"

"चाचणीच्या वेळी हे कुणी बोललं नाही." (चाचणी त्यांनी स्वतःच्या मुलीवर केली होती. एकुलती एक.)

मग शास्त्रशुद्ध दुरुस्ती सुरू झाली. उकूला जोडलं, तर ओट्ट सुटला. ओट्टला जोडलं, तर उकू. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, तेव्हा पडद्यावरून दोघंही गेले आणि त्रीनूही गेली. इन्द्रेकना समाधान वाटलं. निदान चूक आता सर्वांना समान होती. शेवटी त्यांनी सोय केली: सुटलेलं मूल गावातल्या रिकाम्या प्रौढाला आपोआप जोडलं जावं. त्रीनूला ओट्ट परत मिळाला. उकू मिळाला महापौर काल्यो ताम्बेर्गना, साठी उलटलेल्या ब्रह्मचाऱ्याला.

घटत्या जन्मदरावर बैठक चालू असताना त्यांना फोन गेला: मुलाला न्यायला या. ते आले.

"तू माझा बाबा?" उकूने विचारलं.

"पडद्यावर तरी तसंच आहे."

"मग चल. भूक लागलीय."

महापौरांनी त्याला हात धरून दाराबाहेर नेलं आणि चिखलबर्फात उभ्या त्रीनूकडे सोपवलं. हिवाळाभर रोज हेच चाललं. जन्मदर एकाने वाढल्याची नोंद पालिकेने अभिमानाने केली.

मार्चमध्ये महापौर राजधानीत अडकले. कोट-बूट चढवून उकू रात्र पडेपर्यंत बाकावर बसून राहिला. काचेबाहेरून त्रीनू त्याला हातवारे करून हसवत होती, आणि तो वळला की डोळे पुसत होती. महापौर पोचले तेव्हा तो बसल्या जागी झोपला होता.

दुसऱ्या सकाळी मुलांना सोडायला आलेली त्रीनू परत गेलीच नाही. त्याच बुटक्या बाकावर बसली.

"त्रीनू, उठा हो," माइवेबाई म्हणाल्या.

"उठणार नाही. मलाच मूल म्हणून नोंदवा. न्यायला कोण येतं ते बघू."

नियमात मोठ्यांना उठवायची तरतूद नव्हती. माइवेबाईंनी तिला वाटीभर लापशी दिली. दुपारपर्यंत आणखी चार आया येऊन शेजारी बसल्या आणि लापशी संपली. तेव्हा कुठे इन्द्रेकनी 'मूल'च्या जागी 'मुलं' केलं. वेळ लागला मिनिटभर.

खबरदारी म्हणून त्यांनी गावातल्या प्रत्येक प्रौढाला सगळ्या मुलांची यादी पाठवली: आपली नसलेली वगळा आणि 'मान्य' दाबा. शंभर टक्के लोकांनी 'मान्य' दाबलं. वगळलं कुणीच नाही, कारण वाचलंच कुणी नाही. आता गावातलं प्रत्येक मूल प्रत्येकाचं आहे. दार कुणालाही उघडतं आणि चूक म्हणून एकही उरलेली नाही.

हसताय? पत्त्यांच्या गोंधळात तो संदेश गावाबाहेरही बऱ्याच जणांना गेला होता. मागच्या मंगळवारी तुम्हीही काहीतरी न वाचता 'मान्य' दाबलंत, आठवतंय? बालवाडी पाचला बंद होते. माइवेबाईंनी मुलांना टोप्या घालून ठेवल्यात. लवकर निघा.