आबाजी अस्वलाचा प्रोसेसर

एका जंगलात एक अस्वल राहत होते. हसू नका मुलांनो, अजून काहीच झालेले नाही. अस्वलाचे नाव आबाजी. आबाजींकडे एक संगणक होता आणि त्यावर ते गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत.

दर फाल्गुनात नदीपलीकडच्या जंगलाशी या गेमचा सामना होई. नदीकाठी मोहाचे एक झाड होते. सामना जिंकणाऱ्या जंगलाने त्या वर्षीची मोहाची फुले वेचायची, असा करार होता. आबाजी सलग सहा वर्षे हरले होते. सहा वर्षे जंगलाने मोहाचा नुसता वास घेतला होता.

पण आबाजींना कोणी बोल लावत नसे. कारण दर वेळी ते दोन्ही पंजे वर करून म्हणत, "मी तर वळलो होतो हो! मशीनच वळलं नाही. प्रोसेसर म्हातारा झालाय."

आणि तो म्हातारा झालाच होता. संगणक इतका अडखळे, की गाडी आधी डोंगराच्या अलीकडे दिसे आणि मग एकदम खड्ड्यात. मधे काय झाले ते कोणालाच कळत नसे.

"इतका गुणी खेळाडू, आणि नशिबी हे खटारं!" असे म्हणून साळूबाई साळिंदर डोळे पुसे. कोणी ना कोणी मध आणून देई. आबाजी मध चाटत आणि उदास मान हलवत. एकूण बरे चालले होते.

सातव्या वर्षी जंगलाला चेव चढला. सभा भरली आणि ठराव झाला, "यंदा आबाजींना नवा प्रोसेसर!"

आबाजी घाईघाईने उठून उभे राहिले.

"कशाला उगाच खर्च?" ते म्हणाले. "आपलं बजेट केवढं? जेमतेम एक मधाचं पोळं!"

"पोळ्यात बसवू की! खी खी!" गर्दीतून आवाज आला. हा खिदळ्या तरस. मेलेल्या संगणकांचे चांगले भाग काढून विकायचा त्याचा धंदा होता.

"अहो, पण नव्या प्रोसेसरला नवा मदरबोर्ड लागतो. त्याला नवी रॅम लागते. लचांड आहे ते!"

"काही लागत नाही. तुमच्या याच बोर्डात बसणारा सगळ्यात दणकट प्रोसेसर माझ्याकडे आहे. सेकंडहँड, पण ठणठणीत. खी खी!"

"तो तापेल."

"पंखा फुकट देतो."

"त्याच्या पिना वाकलेल्या असतील!"

चार पिना खरोखरच वाकलेल्या निघाल्या. आबाजींचा चेहरा खुलला. पण साळूबाई पुढे सरसावली. काट्यांतले तिला कळत होते. तिने पाठीचा एक बारीक काटा उपसला, जीभ दातांत धरली आणि चारही पिना सरळ करून दिल्या. जंगल आनंदाने वेडे झाले. माकडे तर झाडावरून खाली पडली, मुद्दाम.

पोळे जरा लहान पडले. पण तरस म्हणाला, "तुमचा जुना प्रोसेसर द्या वर, म्हणजे फिटंफाट." आणि दोन्ही घेऊन तो गेला.

सामन्याचा दिवस उजाडला. वडाला मोठा पडदा बांधला. नदीपलीकडून चंपा भेकरी आपले मशीन घेऊन आली.

चित्र कुठेही अडखळले नाही. त्यामुळे सगळ्यांना सगळे दिसले. पहिल्याच वळणावर आबाजी आंब्याच्या झाडावर आदळले. किती कैऱ्या पडल्या तेही मोजता आले. मग ते मागे आले आणि पुन्हा त्याच आंब्यावर आदळले. मग तळ्यात गेले. मग उलट्या दिशेने निघाले, तेव्हा चंपा त्यांना समोरून भेटली. तिने हॉर्न वाजवला. ते दचकून परत तळ्यात गेले.

चंपा जिंकली.

"तुझं मशीन तरी कुठलं गं?" साळूबाईने रडवेल्या आवाजात विचारले.

"आमचं मशीन फार जुनं हो, काकू. सहा वर्षं कसंबसं ढकललं. यंदा तरसभाऊंनी स्वस्तात एक जुना प्रोसेसर दिला. काय पळतो म्हणून सांगू! आधी कोणाचा होता कोण जाणे, पण त्यानं फार जपून वापरलाय."

तरस हसायचा थांबला. सगळे हळूहळू आबाजींकडे वळून पाहू लागले. आबाजींना रडू फुटले, अगदी खरे रडू. सहा वर्षांचा मध घशाशी आला. एकदाचे खरे सांगून टाकावे, असे त्यांना वाटले.

"मंडळी," ते म्हणाले, "मला ना... मला मुळात खेळताच..."

"ग्राफिक्स कार्ड!" साळूबाई किंचाळली.

"काय?"

"अहो, प्रोसेसर नवा आहे, पण ग्राफिक्स कार्ड जुनंच ना! आंबा त्यांना वेळेवर दिसायचा कसा?"

"तरीच!" सगळे जंगल गरजले. माकडे पुन्हा खाली पडली. हत्तीने आबाजींना पाठीवर घेतले आणि मिरवणूक निघाली. मोहाची फुले नदीपलीकडे गेली, पण त्याचे कोणाला काही वाटले नाही. आपला गडी भारी होता, एवढे पुरे होते.

आबाजींनी डोळे पुसले. कोणीतरी पुढे केलेला मध पाहिला. मग दोन्ही पंजे वर केले.

"मी तर वळलो होतो हो," ते म्हणाले.

तरस कॅबिनेट उघडून कार्डाचे माप घेऊ लागला.

तात्पर्य : नाचता येत नसेल तर अंगण वाकडेच ठेवावे. आणि चार लोकांनी ते सरळ करायचा हट्टच धरला, तर वर्षाला एकच कोपरा करू द्यावा.